शुद्धिपत्र एकदाच छापतात

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या पुरवणीत ‘स्वतःवर प्रेम करायला शिका’ अशा आशयाचा एक लेख आला होता. पुढच्याच आठवड्यात एका वाचकाने त्यावर लिहिले की हे सारे लाडावलेल्या पिढीचे चोचले आहेत, माणूस स्वतःला धारेवर धरतो म्हणूनच सुधारतो आणि आमची पिढी छड्या खाल्ल्या म्हणूनच घडली. मी त्या वाचकाच्याच पिढीचा आहे आणि छड्या मीही खाल्ल्या आहेत. तरी मला ना तो लेख पुरता पटला, ना ते उत्तर. ज्याला स्वतःचे तोंड पाहावेसे वाटत नाही त्याने प्रेमाची सुरुवात कोठून करायची, हे लेखात नव्हते. आणि धारेवर धरून नेमके हाती काय लागते याचा हिशेब उत्तरात नव्हता. मी ३७ वर्षे मुद्रितशोधक म्हणून, म्हणजे छपाईआधी प्रूफे तपासण्याचे, काम केले. चुका शोधणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता, तेव्हा या वादात दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजून हे पत्र लिहीत आहे.

गोष्ट १९८७ सालची आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या ज्या छापखान्यात मी होतो तेथे खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, हाताने जुळणी अजून चालू होती. एका शाळेची शताब्दी स्मरणिका छापायला आली होती आणि समारंभ तोंडावर आला होता. शेवटच्या फर्म्यात, म्हणजे यंत्रावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात, माजी शिक्षकांची यादी होती. पहिली वीस-बावीस नावे जुन्या काळातली, सगळ्यांना ‘कै.’ लागलेले; त्याच ओघात पुढच्या एका नावाआधी ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ जुळले गेले, आणि ते माझ्या डोळ्यांखालून गेले तरी मला दिसले नाही. स्मरणिका वाटली गेली तेव्हा ते गुरुजी समारंभाच्या पहिल्या रांगेत बसलेले होते.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः छापखान्यात आले. मी जागेवरून उठलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. त्यांनी स्मरणिका उघडून टेबलावर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचे आयुष्य वाढते म्हणतात. माझी तक्रार नाही. घरच्यांना मात्र वाईट वाटले आहे, एकदा येऊन जा.” मी गेलो, त्यांच्या पत्नीची माफी मागितली, त्यांनी दिलेला चहा घेतला आणि परतलो. उरलेल्या प्रतींत छापखान्याने शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. गुरुजी त्यानंतर १४ वर्षे जगले. प्रकरण तेथे मिटले असे कोणीही म्हणेल.

माझ्यापुरते ते २५ वर्षे मिटले नाही. दाढी करताना, बसची वाट पाहताना, कोणाच्या तेराव्याला गेलो असताना, कधी काही कारण नसतानाही डोक्यात तेच वाक्य उमटे : “अक्कल गहाण ठेवली होतीस का?” त्यामागोमाग बाकीची वरात येई. तुला साधे एक नाव तपासता येत नाही, तुझ्यावर कोणी विसंबू नये, लोक तोंडावर बोलत नाहीत एवढेच. घरात दूध उतू गेले, पावती हरवली, नातेवाइकाच्या फोनला उत्तर द्यायचे राहून गेले, की ही फिर्याद पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होई आणि तिच्यात आरोपीही मी, फिर्यादीही मी, न्यायाधीशही मीच असे.

एवढे होऊन काम तरी सुधारले असते तर त्या वाचकाचे म्हणणे मी मुकाट्याने मान्य केले असते. घडले ते असे की त्यानंतर प्रत्येक ‘कै.’ आणि ‘श्री.’ मी तीन-तीनदा तपासू लागलो, आणि सहा-सात महिन्यांत एका कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावर लेखकाचेच आडनाव चुकीचे गेले. भ्यालेला डोळा ज्या खड्ड्यात एकदा पाय गेला त्याच खड्ड्याकडे बघत राहतो आणि बाकीचा रस्ता त्याला दिसत नाही. मी मात्र त्यातून निष्कर्ष काढला की मी स्वतःला अजून पुरेसे झापलेले नाही.

वास्तविक चूक नजरेतून का सुटते हे आमच्या धंद्यातला उमेदवारही सांगू शकतो. सरावलेला डोळा अक्षर न अक्षर वाचत नाही, तो शब्दाचा आकार पाहतो आणि पुढे काय येणार याच्या अंदाजाने धावतो. म्हणून तर एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रित (प्रूफ) पाहायचे अशी पद्धत होती, म्हणून आकडे वेगळ्या फेरीत तपासायचे आणि नावांची यादी खालून वर वाचायची. त्या संध्याकाळी प्रत वाचून दाखवणारा सहकारी रजेवर होता, साडेसात वाजून गेले होते, यंत्र फर्म्यासाठी खोळंबले होते आणि यादी मी वरून खाली वाचली होती. यातल्या प्रत्येक गोष्टीवर इलाज होता. पण २५ वर्षांत ‘असे का झाले’ हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता, कारण उत्तर आधीच तयार होते : मी निष्काळजी आहे. त्या वाक्याशेवटी पूर्णविराम होता आणि पूर्णविरामानंतर कोणी चौकशी करत नाही.

२०१२ साली निवृत्त झालो, हाताला काम राहिले नाही आणि फिर्यादीला दिवसभराचा वेळ मिळाला. झोप उडाली. पत्नीने “अहो, तुम्ही झोपेत कोणाशी भांडता?” असे विचारले तेव्हा मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवले. मनात आढेवेढे फार होते. बाईंनी माझा धंदा विचारला आणि म्हणाल्या, “मग हे काम तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले येईल. आठवडाभर तो आवाज जे बोलेल ते शब्दशः उतरवून आणा. दुरुस्त करू नका, नुसते उतरवा.”

मी वही घातली. सात दिवसांत ४३ नोंदी झाल्या. त्या समोर घेऊन बसलो तेव्हा दिसले की त्यात वेगळी अशी वाक्ये पाचच होती, बाकी सगळी पुनरावृत्ती. एरवी जो आवाज सर्वज्ञ वाटत होता त्याचा शब्दसंग्रह इतका तोकडा असेल असे मला वाटले नव्हते. आणि ‘अक्कल गहाण ठेवली होतीस का’ हे वाक्य तर माझे नव्हतेच. छापखान्यात उमेदवारीला लागलो त्या वर्षी आमचे फोरमन ते दिवसातून दहादा म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावर मालक ओरडत, ते आमच्यावर. त्यांचा ओरडा चारचौघांत बसू नये म्हणून तो आधीच स्वतःला देऊन मोकळे व्हायचे ही युक्ती मी विशीत शोधून काढली असणार. दुसऱ्याने मारण्याआधी आपणच आपल्याला मारून घेतले की दुसऱ्याचा मार कमी लागतो असे वाटते. फोरमन निवृत्त झाले, छापखान्यातले खिळे मोडीत गेले, पण त्या युक्तीला कोणी रजा दिली नव्हती.

पुढे उत्सुकतेने थोडे वाचले. अमेरिकेत फिलाडेल्फियाला काम करणारे आरोन बेक हे मनोविकारतज्ज्ञ १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांचे बोलणे ऐकत असता त्यांच्या ध्यानात आले की या माणसांच्या मनात स्वतःविषयीच्या कडवट वाक्यांचा एक प्रवाह सतत चालू असतो, तो आपोआप येतो, आणि रुग्ण त्याला विचार न समजता वस्तुस्थिती समजतात. त्यांच्या आधी, १९५५च्या सुमारास, न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी सांगितले होते की माणसाच्या कृतीला गुण द्यावेत, आख्ख्या माणसाला देऊ नयेत. एलिस यांची ही विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकापर्यंत आणण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी केले. एलिस यांचा दुसरा मुद्दा मला मुद्रितशोधक म्हणून फारच भावला. आपल्या दुःखाचे मूळ पुष्कळदा इच्छेत नसते, इच्छेच्या हट्टात असते, असे ते म्हणत; आणि हा हट्ट मराठीत एका अक्षरात मावतो. ‘माझे काम निर्दोष झाले पाहिजे’ ही अपेक्षा झाली, ‘झालेच पाहिजे’ हा हुकूम झाला. माझ्या पाचपैकी तीन वाक्यांत तो ‘च’ होता. तो खोडण्याची खूण मी आयुष्यभर इतरांच्या मजकुरात करत आलो होतो.

आता शुद्धिपत्राविषयी. जुन्या पुस्तकांच्या शेवटी ते असे आणि त्याला चार रकाने असत : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. मी शेकडो शुद्धिपत्रे तयार केली असतील, पण त्यांतल्या एकातही ‘या पुस्तकाचा लेखक गाढव आहे’ असा पाचवा रकाना नव्हता. चूक नेमकी कोठे आहे हे सांगायचे, काय छापले गेले ते लपवायचे नाही, त्याऐवजी काय हवे ते द्यायचे, आणि संपले. पुस्तक बाद होत नाही. ते ग्रंथालयात जाते, लोक वाचतात, कोणी पेन्सिलने दुरुस्ती करून घेतो. बाईंनी मला ४३ नोंदींचे शुद्धिपत्र करायला सांगितले तेव्हा पहिल्याच ओळीला अडलो, कारण ‘तुझ्यावर कोणी विसंबू नये’ या वाक्यासाठी पृष्ठ आणि ओळ सापडेना. कोणत्या दिवशी, कोणत्या कामात, कोण विसंबले आणि फसले? ‘कै.’ची चूक मात्र चारही रकान्यांत व्यवस्थित बसली. अशुद्ध : यादी एकट्याने, घाईत, वरून खाली वाचली. शुद्ध : यादी खालून वर वाचावी, प्रत वाचणारा नसेल तर सकाळपर्यंत थांबण्यास मालकांना सांगावे. ‘मी निष्काळजी आहे’ या वाक्याला विशेषण चिकटलेले होते, त्यामुळे त्याचे पुढे काही करता येत नव्हते. ‘मी यादी वरून वाचली’ यात क्रियापद होते आणि क्रियापद बदलता येते.

येथे एक अडचण आली ती सांगितली पाहिजे, कारण अशा लेखांत ती सहसा येत नाही. रकाने भरले, शुद्ध वाक्ये लिहिली, तरी महिनाभर बरे वाटेना. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनाही त्यांच्या रुग्णांत हेच आढळले होते असे नंतर कळले : समजुतीचे शब्द लोक बरोबर म्हणत, पण मनातल्या मनात ते म्हणताना सूर मात्र खेकसण्याचा असे. मीही तेच करत होतो. ‘यादी खालून वाचावी’ हे मी स्वतःला फोरमनच्या आवाजात सांगत होतो. आपण ओरडतो तेव्हा ऐकणाराही आपणच असतो, आणि बाहेरचा कोणी अंगावर धावून आल्यावर जशी छाती धडधडते तशीच आतल्या ओरडण्यानेही धडधडते, असे गिल्बर्ट यांचे सांगणे आहे. अशा धडधडीत कोणाला काय शिकता येणार? तेव्हा मी सूर बदलायचा म्हणून दुसऱ्याचा आवाज उसना घेतला. चष्मा पुसत “एकदा येऊन जा” म्हणणाऱ्या त्या गुरुजींचा. त्यांनी चूक नाकारली नव्हती, घरच्यांना वाईट वाटले हेही झाकले नव्हते, काय करायचे तेही सांगितले होते, आणि हे सगळे आवाज न चढवता. ज्याचे सर्वांत जास्त नुकसान झाले त्याने जे तीन वाक्यांत मिटवले ते मी पाव शतक उगाळत बसलो होतो.

‘अशाने माणूस सैल पडेल’ ही त्या वाचकाची भीती खोटी नाही. तीच भीती मला वहीच्या पहिल्या पानापासून होती. पण तपासून पाहणाऱ्यांना उलट दिसले आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी अभ्यास पुढे ढकलल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. कॅलिफोर्नियातील ब्रेनेस आणि चेन या संशोधक महिलांनी २०१२ साली दाखवले की अवघड परीक्षेत नापास झाल्यावर स्वतःकडे समजुतीने पाहायला सांगितलेल्या मुलांनी दुसऱ्या फेरीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. परदेशातले प्रयोग आपल्या मुलांना जसेच्या तसे लागू पडतील असा माझा दावा नाही, परंतु घरचा अनुभवही वेगळा नाही. बेरीज चुकलेले पोर चापट खाल्ल्यावर गणिताकडे पाहत नाही, मारणाऱ्याच्या हाताकडे पाहते.

आवाज दाबून टाकावा असेही मी म्हणत नाही. औषध घेताना माकड आठवायचे नाही असे वैद्याने सांगितले की काय होते हे आपण लहानपणी ऐकलेले आहे. तो येतो, अजूनही येतो. मी त्याला वहीतला क्रमांक देतो, ‘हे तिसरे वाक्य’, आणि हातातले काम चालू ठेवतो. ज्या वाक्याला क्रमांक पडला त्याचा दरारा थोडा उतरतो.

आणखी एक गोष्ट, जी मला प्रूफे वाचणाऱ्यांखेरीज फारसे कोणी सांगताना दिसत नाही. ज्या नियमांच्या आधारे आपण स्वतःला अशुद्ध ठरवतो ते नियमही माणसांनीच केलेले असतात. शाळेच्या पहिल्या इयत्तांत ‘नाहीं’, ‘कां’, ‘घरांत’ असे अनुस्वार दिले नाहीत म्हणून माझे गुण कापले गेले. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पुढे छापखान्यात तोच अनुस्वार कोणी दिला तर मी त्यावर लाल खूण करू लागलो. ज्यासाठी तळहात सुजला होता तेच बरोबर ठरले. वजन, रंग, पगार, लग्नाचे वय, मुलांचे टक्के यांविषयी आपल्या डोक्यात जे १८ नियम आहेत ते कोणी आणि कधी मंजूर केले, हे एकदा पाहायला हरकत नाही.

यातून पुढची बाब निघते. काही माणसांच्या डोक्यातला तो आवाज त्यांच्या चुकीतून आलेला नसतो. जातीवरून, सावळ्या रंगावरून, पायातल्या अधूपणावरून किंवा मुलगी झाली म्हणून ज्यांना लहानपणापासून कमी लेखले गेले, त्यांना ‘तुमचे विचार दुरुस्त करा’ म्हणून सांगणे हा शहाजोगपणा आहे. तेथे मजकूर बिघडवला तो छापणाऱ्याने, आणि शुद्धिपत्रही त्यानेच काढायचे असते. तसेच, आवाज ‘तू जगूच नयेस’ येथवर गेला असेल तर वही आणि रकाने बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, किंवा केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. मलाही वहीबरोबर काही महिने गोळ्या होत्या.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आपण पहिल्या पानावर गुणवंतांची छायाचित्रे छापता आणि आत कोठेतरी ‘खचून जाऊ नका’ असा उपदेश. खचू नका हे सांगून कोणी खचायचे थांबत नाही. त्याच दिवशी, त्याच पहिल्या पानावर, गुणपडताळणीचा अर्ज कोठे आणि किती दिवसांत करायचा, उत्तरपत्रिकेची छायाप्रत कशी मागवायची, पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, जवळचा समुपदेशक कोठे भेटेल, एवढी एक चौकट छापावी. त्या मुलांच्या घरोघरी ‘अशुद्ध’चा रकाना त्या दिवशी सगळे मिळून भरत असतात, ‘शुद्ध’चा रकाना निदान छापील तरी मिळावा. आपल्या दैनिकात ‘चूकभूल’ म्हणून चार ओळींची चौकट अधूनमधून येते, ती मी आवर्जून वाचतो. तिच्यात आदल्या दिवशीची चूक आणि योग्य माहिती असते, एकदा छापून येते, आणि दुसऱ्या दिवशी अंक नेहमीसारखा निघतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे

ता. क. : माझे नाव छापू नये अशी विनंती आहे. कोणा उपसंपादकाने उत्साहाने छापलेच, तर त्याआधी ‘श्री.’ आहे ना, तेवढे खालून वर वाचून पाहावे.